गाणं तुझं अन् पिक्चर फुकटचा?

भाऊ, कसा शे?

मेसेज वाचला. तुझं अहिराणी गाणं कोणीतरी उचललं, नाव कापलं अन् स्वतःच्या चॅनलवर टाकून व्ह्यूज खातोय. राग येणारच. पण कमेंटमध्ये शिव्या देत बसू नको, यूट्यूबचा कॉपीराइटचा फॉर्म भर, 90 दिवसांत तीन स्ट्राइक, म्हणजे यूट्यूबच्या ताकिदी, बसले तर त्याचं चॅनलच उडू शकतं. रजिस्ट्रेशन नाही म्हणून घाबरू नको, आपल्या 1957 च्या कायद्यात गाणं बनलं की हक्क लागतो. फक्त शूटिंगचं ओरिजिनल फुटेज अन् एडिटिंगची फाइल डिलीट मारू नको, आणि गायक-कॅमेरावाल्याकडून दोन ओळी का होईना लिहून घेत जा, तोंडी व्यवहारात गाणं चाललं की भांडणं ठरलेली.

आता जे आवडणार नाही ते. शुक्रवारी लागलेल्या मराठी पिक्चरची टेलिग्राम लिंक ग्रुपवर तूच टाकली ना? उघडून पाहिली मी. सट्ट्याच्या साइटची जाहिरात पडद्यावर आडवी, मध्येच एक डोकं उठून चाललंय, आवाज विहिरीतून आल्यासारखा, अन् खाली 'एचडीसाठी हे ॲप टाका'. ते ॲप टाकू नको बाबा, बँकेचे ओटीपी वाचणारी असली ॲप्स फिरतायत.

आणि हे टॉकीजमध्ये मोबाइल धरून बसणारे स्वतःला लई हुशार समजतात, डिजिटल प्रिंटमध्ये न दिसणारी खूण असते, कोणत्या टॉकीजचा कोणता शो ते त्यावरून निघतं. 2023 ला सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला, असं चोरून रेकॉर्डिंग केलं तर कमीत कमी तीन महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं जेल, दंड तीन लाखांपासून सुरू अन् पिक्चरच्या खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत.

तू म्हणशील गावात टॉकीज नाही, धुळ्याला मराठीला एकच शो, तोही भर दुपारी. खरंय, त्यात प्रेक्षकाचा दोष नाही. पण शनिवार-रविवार खुर्च्या रिकाम्या दिसल्या की टॉकीजवाला सोमवारी तो शो हिंदीला देतो, मग ज्या घरच्यांनी पुढच्या रविवारी जायचं ठरवलं त्यांना काय दिसणार? तुझीच लिंक.

ग्रुपवरून ती काढ. अन् पारोळ्यातली पोरं गोळा कर, दोन क्रुझर भरतील एवढी तर होतीलच, टॉकीजच्या मॅनेजरला आधी फोन लाव, एवढी तिकिटं एकदम जाणार म्हटल्यावर संध्याकाळचा शो मागून बघायला काय जातं.