इंग्लंडमध्ये पबमधलं लोकसंगीत ऐकायला कधी, कुठे जावं?

दोनच दिवस असतील तर नोव्हेंबर-डिसेंबरात शेफील्ड गाठा. शहराच्या वायव्येकडच्या डंगवर्थ, वॉरल अशा गावांतल्या पबमध्ये नोव्हेंबरच्या मध्यापासून २६ डिसेंबरपर्यंत स्थानिक कॅरोल्स (नाताळची गाणी) गातात. चर्चने १९व्या शतकात बाजूला सारलेली ही गाणी पबमध्ये टिकली. रविवारी दुपारी तासभर आधी पोहोचा, नाहीतर दारातच उभं राहावं लागेल. परतीच्या बसची वेळ आधीच बघा, रविवारी गाड्या कमी.

उन्हाळ्यात डेव्हनमधलं सिडमथ. १९५५पासूनचा महोत्सव, ऑगस्टच्या सुरुवातीला. तिथे रेल्वे नाही, एक्सेटरहून बस. मुक्कामाची सोय काही महिने आधी करा.

एरवी पबच्या पाटीवर ‘सेशन’ आहे की ‘फोक क्लब’ ते बघा. क्लबला बहुधा तिकीट असतं, सेशन फुकट. पण सेशन म्हणजे मैफल नव्हे, वादक एकमेकांसाठी वाजवतात. त्यांच्या वर्तुळातल्या रिकाम्या खुर्चीत बसू नका (नवखे हमखास चुकतात ते इथेच). टाळ्यांचा ठेकाही नको, लय बिघडते.

बिअर काउंटरवरूनच आणायची. हातपंपाची कास्क एल (पिंपातली बिअर) ११ ते १३ अंशांवर देतात, ती ‘कोमट’ म्हणून परत करू नका. पाइंट ५६८ मिलीचा. आधी अर्धा घ्या.