नॉरफोकसारख्या ग्रामीण इंग्लिश काउंटीला सांगण्यासारखा इतिहास आहे का?

तुम्हाला नॉरफोकात नोकरी मिळतेय आणि तुम्ही विचारताय, तिकडे शेतांपलीकडे काही आहे की इंग्लंडचा सगळा इतिहास लंडनमध्येच घडला? हेच मी नऊ वर्षं आमच्या दाजींकडून ऐकतोय. दाजी लंडनच्या हॅरोला असतात. मी नॉरिच, म्हणजे नॉरफोकचं मुख्य शहर, धरलं तेव्हा भरल्या घरात म्हणाले, "गाव सोडून विलायतेत आलास आणि परत खेड्यातच जाऊन बसलास." ते अजून सलतं.

मागच्या उन्हाळ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, आले होते. विंडमच्या (पाटीवर वायमंडहॅम वाचाल, पण म्हणतात विंडम) जुन्या रस्त्याला, हेदरसेटजवळ, कठडा घातलेला एक जुनाट ओक आहे. अण्णांनी विचारलं, "देवाचं झाड आहे का रे?" म्हटलं, नाही, बंडाचं. बंडवाले याच झाडाखाली जमले असं इथले लोक सांगतात.

मग गाडीतच सगळं सांगितलं. लोकरीला भाव आला तसे इथले जमीनदार गायरानांना कुंपणं घालायला लागले, आणि उरलेल्या गायरानात स्वतःचे मेंढ्यांचे कळप सोडायला लागले. गरिबाची गाय चरणार कुठे? १५४९ च्या जुलैत विंडमच्या जत्रेला जमलेली माणसं उठली ती थेट कुंपणं मोडायला. फ्लॉवरड्यू नावाच्या वकिलाने स्वतःची वाचवायला त्यांना पैसे देऊन रॉबर्ट केटच्या शेतावर पिटाळलं. केटने त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, पटलं, आणि त्यांच्याबरोबर स्वतःचंच कुंपण पाडलं.

"स्वतःचं?" अण्णांनी तीनदा विचारलं. आमच्या गावच्या गायरानावर एका बड्या माणसाने केलेला कब्जा उठवायला त्यांची उमेदीची वर्षं गेली, आणि तो उठला नाही.

केटच्या मागे सोळा हजारांच्या आसपास माणसं नॉरिचलगतच्या मूसहोल्डच्या माळावर तळ देऊन बसली. नॉरिच, म्हणजे तेव्हाचं लंडनखालोखालचं शहर, त्यांनी घेतलं. राजाची पहिली फौज परतवली. त्यांनी २९ मागण्या लिहून दिल्या, त्यात जमीनदाराने गायरानात जनावरं सोडू नयेत ही होती आणि वेठीला बांधलेल्या माणसांना मोकळं करा हीसुद्धा. दुसरी फौज मात्र मोठी आली. २७ ऑगस्टला डसिनडेलला हजारो माणसं कापली गेली. डिसेंबरात केटला नॉरिचच्या किल्ल्यावर फाशी दिली आणि त्याच्या भावाला विंडमच्या चर्चच्या मनोऱ्यावरून.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी किल्ल्यावर न्यायला लावलं. १९४९ साली, बरोबर चारशे वर्षांनी, नॉरिचच्या नागरिकांनी तिथे केटच्या नावाची पाटी लावलीय. जिथे फाशी दिली तिथेच, झाल्या अन्यायाची भरपाई आणि सन्मान म्हणून. अण्णांनी शब्दन् शब्द मराठीत सांगायला लावला आणि मग बराच वेळ तिथेच उभे राहिले.

बाकीचा इतिहासही आहेच. ब्रॉड्स ही प्रसिद्ध तळी निसर्गाची नाहीत. मध्ययुगात लोकांनी जळणासाठी दलदलीतली पीटची माती खणली, ते खड्डे पाण्याने भरले. हे १९५० च्या दशकात जॉयस लॅम्बर्ट या बाईंनी सिद्ध केलं, तोवर सगळे ती नैसर्गिकच समजत होते. बर्स्टन गावात १९१४ मध्ये शिक्षक नवरा-बायकोला काढलं म्हणून मुलांनी संप केला आणि त्यांची वेगळी शाळा १९३९ पर्यंत चालली.

तेव्हा नोकरी घ्या. "खेडं" म्हणून नाक मुरडणाऱ्यांचं ऐकू नका, ते जवळचे असले तरी.

एक सांगायचं राहिलं. केट गरीब नव्हता, बऱ्यापैकी जमीनवाला होता, आणि कुंपणं त्यानेही घातलीच होती. बंडवाले सरसकट कुंपणांच्या विरोधात होते असंही नाही. पहिल्याच मागणीत केशराच्या वाफ्यांची कुंपणं राहू द्या म्हटलंय. दाजी नेमकं यावर बोट ठेवतात, "म्हणजे तोही जमीनदारच की!" होता. म्हणून तर त्याने स्वतःचं कुंपण पाडलं याचं मला एवढं वाटतं. दाजींना दोनदा म्हटलं, ओक बघायला चला. अजून आलेले नाहीत.