विचारायचं होतं, पण कोणाला?

प्रश्न : 'अंडर आफ्रिकन स्काइज' ही डॉक्युमेंटरी पाहिली. अमेरिकन गायक पॉल सायमनचा 'ग्रेसलँड' अल्बम कॉलेजपासून ऐकतोय, पण त्याच्यामागे एवढा राडा झाला होता हे माहीतच नव्हतं. दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या कलाकारांना त्यानं जगासमोर आणलं, मग लोक चिडले का? तो बरोबर की चूक, तुमचं मत सांगाच. (एक वाचक, सांगली)

उत्तर : सांगतो, पण एका शब्दात नाही जमणार. १९८० साली युनोनं वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेवर सांस्कृतिक बहिष्काराचा ठराव केला होता, म्हणजे कलाकारांनी तिकडे फिरकायचंच नाही. आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे लगेच कळेल, १९७४ ला भारतानं डेव्हिस कपची फायनल सोडून दिली होती कारण समोर दक्षिण आफ्रिका होती. आणि १९८५ ला हा पठ्ठ्या सायमन तिथल्या जोहान्सबर्गला जाऊन रेकॉर्डिंग करून आला! शो केला नाही, वादकांना न्यूयॉर्कच्या युनियन रेटच्या तिप्पट पैसे दिले, सगळं खरं, पण वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या एएनसीला (आफ्रिकन नॅशनल काँग्रेस) विचारलं नाही, राग त्याचा. गंमत बघा, १९८७ ला 'ग्रेसलँड'ची टूर लंडनला आली तेव्हा रॉयल अल्बर्ट हॉलबाहेर निदर्शनं चालू आणि आत स्टेजवर दक्षिण आफ्रिकेचीच गायिका मिरियम मकेबा आणि ट्रम्पेटवाला ह्यू मासेकेला, दोघंही वर्षानुवर्षं मायदेशाबाहेर राहिलेले.

सिनेमात एएनसीचे तेव्हाचे अध्यक्ष ऑलिव्हर टॅम्बोंचा मुलगा डाली आणि सायमन समोरासमोर बसतात. सायमनचं म्हणणं कलाकारानं कुठल्या पक्षाची परवानगी का घ्यायची, डालीचं म्हणणं लढा चालू असताना शिस्त लागते. शेवटी मिठी मारतात, ती मला जरा गोडच वाटली. मला पटला तो सायमनबरोबर वाजवणारा तिथला काळा गिटारवाला रे फिरी. एएनसीनं त्याला लंडनला बोलावून टूर थांबव म्हणून सांगितलं तर तो म्हणाला की बळी तर आम्हीच आहोत, मग पुन्हा आम्हालाच शिक्षा कशी? आणि ते किती खरं होतं ते स्टुडिओतल्या आठवणींत दिसतं, अंधार पडायला लागला की वादकांची चुळबूळ सुरू, कारण काळ्या माणसाला परवान्याचा कागद नसताना रात्री रस्त्यावर दिसलं तर पंचाईत.

माझं मत? एएनसीला विचारायला हवं होतं, तिथं तो चुकलाच. पण तिथल्या काळ्या वादकांच्या युनियननं त्याला या म्हटलं होतं, हे निदर्शनं करणाऱ्यांनी फारसं ऐकून घेतलं नाही.

ता.क. याच अल्बमच्या 'यू कॅन कॉल मी अल' गाण्यातला बकिती कुमालोचा बेस गिटारचा तुकडा परत ऐका, त्याचा दुसरा अर्धा भाग म्हणजे पहिलाच, टेप उलटी फिरवून लावलेला.