कमिटवर तुझं नाव असू दे

प्रिय पोरी,

परवा तू दाखवलेलं कमिट, म्हणजे गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर नोंदवलेली दुरुस्ती, घरी येऊन पुन्हा वाचलं. 'दुसऱ्या'मधला ऱ्य नीट उमटावा म्हणून चार रात्री जागलीस. तिथं साधा र चालत नाही, खाली टिंब असलेला ऱ घेऊन, त्याचा पाय मोडून मग य जोडावा लागतो. मराठी न वाचणाऱ्याच्या हे ध्यानातही येत नाही. काम चोख आहे. त्याखाली कुणीतरी 'थँक्स, ब्रो' लिहिलंय. तू हसून पुढं गेलीस, मला मात्र ते लागलं.

गिटहबवरचं खातं भावाच्या नावाचं आहे म्हणालीस. का, ते मी विचारलं नाही. मीही परभणीच्या गल्लीतच वाढले. बाईचं नाव दिसलं की रात्री बाराला 'हाय' येतो, फोटो मागतात, चुलत्याच्या कानावर काहीबाही जातं. तुझी भीती खोटी नाही, माय. २०१७ साली 'पीअरजे कॉम्प्युटर सायन्स'मध्ये गिटहबवरच्या लाखो पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशा विनंत्या, तपासणारा अभ्यास आला. एकूणात बायकांचं काम पुरुषांपेक्षा जास्त वेळा स्वीकारलं गेलं होतं. पण प्रकल्पात नवख्या आणि बाई म्हणून ओळखू येणाऱ्यांच्या बाबतीत हे उलटं झालं. एवढं माहीत असूनही मी म्हणते, नाव घाल.

पंचवीस वर्षांपूर्वी एका कंपनीत बिलांचा अख्खा प्रोग्राम मी लिहिला. पुढं पाठवताना त्यावर टीमप्रमुखाचं नाव गेलं. मी म्हटलं, जाऊ दे, काम झालं ना. तीन वर्षांनी दुसरीकडं मुलाखतीला गेले तेव्हा 'हे मी केलंय' म्हणून दाखवायला माझ्याकडं एक ओळ नव्हती.

१९४६ साली अमेरिकेत एनिअ‍ॅक हे संगणकयंत्र जगासमोर आणलं, तेव्हा त्याचं प्रोग्रामिंग सहा बायकांनी केलं होतं. जुन्या छायाचित्रांत यंत्राशी बायका दिसतात, नावं नाहीत. चाळीसेक वर्षांनी कॅथी क्लायमन या विद्यार्थिनीनं त्या कोण म्हणून विचारलं, तर यंत्र शोभून दिसावं म्हणून उभ्या केलेल्या मॉडेल, असं उत्तर मिळालं. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री झोपले नाही.

आता आपल्या गंगाखेडची जनाबाई बघ. दुसऱ्याच्या घरी दळण-कांडण करणारी बाई. इतक्या शतकांनी तिचा अभंग तिचा म्हणून कळतो, कारण शेवटच्या चरणात ती स्वतःचं नाव घेते. स्वतःला नामदेवाची दासी म्हणवलं, पण 'जनी' गाळलं नाही. कमिटवरचं नाव मला त्या नाममुद्रेसारखं वाटतं.

गिट या बदल नोंदवणाऱ्या प्रणालीत प्रत्येक कमिटबरोबर नाव आणि ईमेल नोंदला जातो. कमिटची ओळखसंख्या काढताना तेही धरलं जातं, म्हणून मागाहून नाव बदलायला गेलीस तर पुढचा सगळा इतिहास बदलतो. तेव्हा आजच सेटिंगमध्ये तुझं नाव घाल. ईमेल झाक, गिटहब त्यासाठी नोरिप्लायचा पत्ता देतं. गाव, कॉलेज, फोटो, फोन यातलं काहीच लागत नाही. नाव सांगितलं म्हणजे घराचा दरवाजा उघडला असं होत नाही. भावानं खरंच मदत केली असेल तर कमिटच्या शेवटी 'को-ऑथर्ड-बाय'ची ओळ टाक, दोघांचीही नावं दिसतील.

आउटरीचीची माहितीही काढून ठेव. तीन महिन्यांची इंटर्नशिप, घरबसल्या, विद्यावेतनासह. निवड होण्याआधी एखाद्या प्रकल्पात प्रत्यक्ष काम करून दाखवावं लागतं. भावाच्या खात्यावरचं काम तिथं तुझं म्हणून कसं दाखवशील?

ऱ्यची दुरुस्ती राहू दे त्याच्याच नावावर, ती उकरू नको. 'कुऱ्हाड'मधल्या ऱ्हचं काम बाकी आहे म्हणालीस. ते तुझ्या नावानं पाठव आणि मला लिंक टाक. मी तिथं येऊन तुझं नाव घेऊन लिहीन. कुणी वाकडं बोललं तर त्यालाही उत्तर देईन.

तुझी,
ताई