‘स्ट्राइक अ बॅलन्स’ : समतोल साधायचा की राखायचा?

तुमचे साहेब मीटिंगमध्ये ‘वी नीड टु स्ट्राइक अ बॅलन्स’ म्हणाले. तुम्ही ते लक्षात ठेवलंत आणि घरी येऊन स्वतःचं वाक्य केलंत : ‘आय वॉन्ट टु स्ट्राइक बॅलन्स इन माय जॉब टु माय सन्स स्टडी.’ यात काहीतरी खटकतंय हे तुम्हाला जाणवलं, पण नेमकं काय ते सापडेना. शिवाय स्ट्राइक म्हणजे मारणे किंवा संप, मग बॅलन्सला मारायचं कशाला, हेही तुम्ही विचारलंत. मी बावीस वर्षं नोकरदार माणसांना आणि गृहिणींना इंग्रजी बोलायला शिकवतोय. शब्द नुसता पाठ न करता तो असा का, हे विचारणारा माणूस भाषा लवकर शिकतो, हे मी पुनःपुन्हा पाहिलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा वाक्प्रचार हिशेबाच्या वहीतून आलाय. माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. रात्री गिऱ्हाईक थांबलं की ते रोजकीर्द उघडून बसायचे. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. दोन्ही बाजूंची बेरीज करायची, एकातून दुसरी वजा करायची, मग लाकडी पट्टी धरून खाली एक रेघ ओढायची आणि रेघेखाली लिहायचं : अखेरची शिल्लक. तोच आकडा दुसऱ्या दिवशीच्या पानावर आरंभीची शिल्लक म्हणून चढायचा. पेटीतली रोकड त्या आकड्याशी जुळली नाही, तर जेवण थांबायचं, पण रेघ ओढली जायची नाही. हे जे शिल्लक काढणं आहे, त्याला इंग्रज हिशेबनीस ‘स्ट्राइक अ बॅलन्स’ म्हणत. म्हणजे दोन्ही बाजू समोरासमोर मांडायच्या, तपासायच्या आणि एका आकड्यावर येऊन थांबायचं. सौदा पक्का करण्यालाही इंग्रजीत ‘स्ट्राइक अ डील’ म्हणतात. तिथेही कुणी कुणाला मारत नाही, गोष्ट पक्की होते.

आणि बॅलन्स? तो लॅटिनमधल्या ‘बायलँक्स’वरून आलेला. ‘बाय’ म्हणजे दोन, ‘लँक्स’ म्हणजे ताट किंवा पारडं. थोडक्यात तराजू. आपण तराजू, तोल आणि शिल्लक असे तीन वेगळे शब्द वापरतो, इंग्रजीत तिन्हींचं काम हा एकटा शब्द करतो. म्हणून फोनमधला बॅलन्स संपतो, सायकलवरचा बॅलन्स जातो आणि तुमच्या साहेबांना हवा तो बॅलन्स साधावा लागतो.

‘साधणे’ हाच इथला नेमका शब्द आहे. मराठीत आपण समतोल साधतो आणि समतोल राखतोही. साधणं म्हणजे विचार करून त्या जागेपर्यंत पोचणं, राखणं म्हणजे पोचल्यावर तिथे टिकून राहणं. इंग्रजीतही अगदी हाच फरक आहे : साधणं म्हणजे ‘स्ट्राइक’, राखणं म्हणजे ‘कीप’ किंवा ‘मेन्टेन’. एवढं मनात बसलं की अर्ध्या चुका आपोआप जातात. याच कारणासाठी ‘आय ॲम स्ट्राइकिंग अ बॅलन्स’ असं चालू वर्तमानकाळात सहसा ऐकू येत नाही. पोचायची धडपड चालू असते, म्हणून ‘आय ॲम ट्राइंग टु स्ट्राइक अ बॅलन्स’ म्हणतात. पोचलात की ‘आय हॅव स्ट्रक अ बॅलन्स’. साध्या भूतकाळात आणि ‘हॅव’नंतर, दोन्हीकडे ‘स्ट्रक’च. ‘स्ट्रिकन’ हे रूप इथे चालत नाही, ते संकटाने ग्रासलेल्यांसाठी, जसं ‘ड्रॉट-स्ट्रिकन’ म्हणजे दुष्काळग्रस्त.

आता तुमचं वाक्य. पहिली गोष्ट, ‘अ’ गळलाय. मराठीत असं उपपदच नाही, त्यामुळे आपल्याकडून ते हमखास सुटतं. पण ‘स्ट्राइक अ बॅलन्स’ हा एका दमात म्हणायचा तुकडा आहे : स्ट्राइक-अ-बॅलन्स. योग्य समतोल म्हणायचं असेल, तर तो ‘अ’ जाऊन ‘द’ येतो : ‘स्ट्राइक द राइट बॅलन्स’. दुसरी गोष्ट, दोन बाजू सांगायच्या तर ‘बिट्वीन’ आणि ‘ॲन्ड’ची जोडी लागते. ‘इन’ आणि ‘टु’ने ते काम होत नाही. तिसरी गोष्ट बारीक आहे, पण मला फार महत्त्वाची वाटते : दोन्ही पारड्यांत एकाच जातीची वस्तू ठेवा. एकीकडे नोकरी आणि दुसरीकडे मुलाचा अभ्यास ठेवलात, तर ऐकणारा क्षणभर अडखळतो, कारण अभ्यास मुलाचा आहे, तुमचा नव्हे. तुमच्या वाट्याला येतं ते त्याला अभ्यासात मदत करणं. म्हणून :

‘आय वॉन्ट टु स्ट्राइक अ बॅलन्स बिट्वीन डुइंग माय जॉब वेल ॲन्ड हेल्पिंग माय सन विथ हिज स्टडीज.’

डुइंग आणि हेल्पिंग, दोन्ही क्रिया, दोन्ही तुमच्याच. आता काटा मध्यावर आला.

रोजच्या बोलण्यात कुठे वापरता येईल, तर जिथे दोन्ही गोष्टी हव्या आहेत आणि एक वाढवली की दुसरी कमी पडते, तिथे. पगार हातात आला की : ‘वी हॅव टु स्ट्राइक अ बॅलन्स बिट्वीन सेव्हिंग ॲन्ड स्पेन्डिंग.’ मुलांच्या बाबतीत : ‘इट्स हार्ड टु स्ट्राइक अ बॅलन्स बिट्वीन बीइंग स्ट्रिक्ट ॲन्ड बीइंग काइन्ड.’ स्वयंपाकघरातही चालतो. माझ्या वर्गातल्या एक काकू चिंचगुळाच्या आमटीबद्दल सांगत होत्या, गूळ जरा जास्त पडला की चिंच मागे पडते. त्यांनी वाक्य केलं : ‘माय मदर-इन-लॉ ऑल्वेज स्ट्राइक्स द राइट बॅलन्स बिट्वीन स्वीट ॲन्ड सावर.’ इतकं नेमकं वाक्य मी पुस्तकातल्या उदाहरणांतही क्वचितच पाहिलं असेल. सासूबाईंच्या हाताचं कौतुक त्यात आलं आणि ‘स्ट्राइक्स’मधला शेवटचा ‘स’ही त्या विसरल्या नाहीत.

मात्र एक बाजू मुळातच नको असेल, तिथे हा वाक्प्रचार वापरू नका. खरं बोलणं आणि फसवणं यांत कुणी बॅलन्स स्ट्राइक करत नाही. खरं बोलणं आणि समोरच्याचं मन न दुखावणं, यांत करतात. शरीराच्या तोलालाही तो लागत नाही. लोकलच्या दारात उभं राहून तोल सांभाळायचा असेल, तर ‘कीप युअर बॅलन्स’, तोल गेला तर ‘लॉस्ट माय बॅलन्स’.

आणखी एक, जे शिकवताना बहुतेक वेळा सांगायचं राहून जातं. ‘स्ट्राइक’ला थोडा ऑफिसचा, लेखी भाषेचा वास आहे. मीटिंग, ईमेल, मुलाखत इथे तो शोभतो. मैत्रिणीशी फोनवर बोलताना ‘आय ॲम ट्राइंग टु फाइन्ड अ बॅलन्स’ म्हणालात, तर जास्त मोकळं वाटतं. मुलाखतीत नुसतं ‘आय कॅन स्ट्राइक अ बॅलन्स’ म्हणून थांबू नका, कशात आणि कशात ते लगेच सांगा, नाहीतर ते पाठ केलेलं वाटतं. आणि म्हणताना जोर ‘बॅ’वर द्या, ‘लन्स’ हलकं सोडा.

जाता जाता ‘ऑन बॅलन्स’ म्हणजे हेच का, असंही तुम्ही विचारलं होतंत. घर तराजूचंच, पण काम वेगळं. ‘ऑन बॅलन्स’ म्हणजे सगळा विचार करता, एकंदरीत. भाड्याचं घर ऑफिसपासून लांब आहे, पण शाळा जवळ आहे आणि पाण्याचा त्रास नाही, असं सगळं मोजून तुम्ही म्हणता : ‘ऑन बॅलन्स, इट्स अ गुड हाउस.’ त्यात काही साधायचं नसतं, कुठलं पारडं जड ते सांगायचं असतं. आणि निकाल अजून लागायचा असेल, जीव टांगणीला लागला असेल, तर ‘हँग इन द बॅलन्स’ : ‘हिज जॉब इज हँगिंग इन द बॅलन्स.’ हे गंभीर प्रसंगी वापरतात, आज भाजी कुठली करायची यासाठी नाही.

दुरुस्त केलेलं वाक्य दोनचार वेळा मोठ्याने म्हणून बघा. मग मुलाला बाजूला ठेवून स्वतःच्याच दिवसावर एक नवं वाक्य करा आणि इथे लिहा. ‘अ’ आणि ‘बिट्वीन’ जागेवर आहेत का, ते मी नक्की बघेन.