'सेट'चे ४३० अर्थ कसे लक्षात ठेवायचे?

तुम्ही विचारलंय की इंग्रजीतल्या 'सेट' या एवढ्याशा शब्दाला ४३० अर्थ आहेत हे खरं का, आणि परीक्षेसाठी ते पाठ कसे करायचे.

आकडा खरा आहे, पण जुना. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली वीस खंडांत निघाली. तिच्यात 'सेट'ची नोंद सगळ्यांत लांब होती, जवळपास ६०,००० शब्दांची. ४३० हा त्यातल्या क्रियापदाचा हिशेब. पुढे कोशाची दुरुस्ती सुरू झाल्यावर पहिला नंबर 'रन'कडे गेला, त्याचे ६४५ अर्थ भरले. कोशवाल्यांना केसाएवढा फरक दिसला तरी ते वेगळा क्रमांक टाकतात. त्यामुळे पाठांतराचा नाद सोडा.

मी भाषेचा माणूस नव्हे. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर सेटर आहे, काम सुरू होण्याआधी मशीन जुळवून देतो, म्हणजे याच शब्दाचा पगार खातो. भावाची पोरगी इंग्रजी शिकवण्यासाठी 'सेट' परीक्षा देतेय (हा सेट आणखी वेगळा, ती नुसती आद्याक्षरं), तिच्याकडून कळलेली एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' म्हणजे बसवणे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ही सरळ जोडी होती. आपण पडणे-पाडणे, बसणे-बसवणे दिवसभर करतो. इंग्रजीत अशा जोड्या थोड्याच उरल्यात, म्हणून तिकडं कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता बघा. हाडवैद्य निखळलेलं हाड बसवतो, इंग्रजीत तिथं 'सेट'. गुजरीतला सोनार अंगठीत खडा बसवतो, तिथंही 'सेट'. कवितेला चाल बसवली, 'सेट'च. मी चकमध्ये, म्हणजे मशीनच्या फिरत्या पकडीत, जॉब (घडवायचा तुकडा) बसवतो, तोही सेट. जिथं बसवणे बसत नाही तिथं लावणे किंवा मांडणे घालून बघा: घड्याळ लावणे, सापळा लावणे, आग लावणे, पट मांडणे. या तीन क्रियापदांत बरंचसं काम होतं. सूर्य मात्र त्यांच्याकडे बसतो, आपल्याकडे मावळतो. आणि दही त्यांच्याकडे बसतं, आपल्याकडे लागतं. असे अपवाद तेवढे वेगळे लिहून ठेवा.

खरी गोची नामाची आहे. चहाच्या कपांचा सेट, दागिन्यांचा सेट, गणितातला संच यातला 'सेट' मुळात वेगळ्याच घरचा. तो जुन्या फ्रेंचमधून आलाय, आणि त्याच्या मागं लॅटिनमधला 'सेक्टा' आहे, म्हणजे एकाच्या मागं जाणारे लोक, पंथ. पुढं उच्चार सारखा झाल्यानं दोघं एकमेकांत मिसळले.

हा फरक मला मशीनवर कळला. आयटीआय करून आलेलं एक नवं पोरगं माझ्या हाताखाली होतं. त्याला म्हटलं, "जबड्यांचा सेट आण आणि सेट कर." आमच्या चकला जॉब धरणारे जबडे तीन असतात. पोरगं रॅकवरनं तीन जबडे घेऊन आलं, बोल्ट आवळले, जॉब धरला. डायल (गोलाईतला फरक दाखवणारं काट्याचं माप) लावून चक हातानं फिरवला तर काटा पाळण्यात बसल्यागत इकडनं तिकडं. जबडे खोलून नंबर बघितले. दोन एका सेटमधले, तिसरा दुसऱ्यातला.

"तीनच तर पाहिजेत न्हवं?" पोरगं म्हणालं.

हे जबडे मऊ लोखंडाचे, ते चकवर चढवून तिन्ही एकदम बोअर करतात, म्हणजे आतून गोल कापतात. त्यांचा गोलावा एकमेकांशीच जुळतो, दुसऱ्याशी नाही. मी त्याला म्हटलं, "शाहूपुरी तालमीतलं दोन गडी आणि गंगावेस तालमीतला एक, अशी टीम करून आणलायस तू." हे मात्र त्याच्या डोक्यात झटक्यात शिरलं. पंथाचा अर्थ तोच की, एका तालमीचे.

आपण या शब्दाला दिलेले अर्थ इंग्रजीच्या पेपरात लिहू नका. 'पोरगं सेट झालं' हे 'सेटल'चं अर्धुक आहे, आणि 'सेटिंग लावलं' म्हणजे आतून जमवलं, हे लंडनच्या माणसाला सांगून समजणार नाही. मशीनवर आमचं सेटिंग तासभर चालतं. कचेरीतलं किती वेळ चालतं ते तुम्हाला माहीत असेल.

'सेट अप', 'सेट ऑफ', 'सेट इन', 'सेट आउट' हे मात्र स्वतंत्र शब्द धरूनच शिका. तिथं बसवण्याचा काही उपयोग नाही. उभारणे, निघणे, मुक्काम ठोकणे असे वाक्यासकटच लक्षात ठेवावे लागतात. परीक्षेत बहुतेक तेच विचारतात आणि पोरं तिथंच आपटतात. रोज दोन घ्या, स्वतःच्या घरातल्या माणसांवर वाक्यं करा.

त्या पोरानं नंतर रॅकवरच्या जबड्यांवर ऑइलपेंटनं नावं घातली. एका सेटवर 'शाहूपुरी', दुसऱ्यावर 'गंगावेश'. मागल्या महिन्यात ऑडिटला आलेले साहेब विचारत होते, हा कुठला कोड आहे म्हणून.