नाताळचा सिनेमा घरी बघून त्यावर बायबल मनन कसं करावं? (सोलापूर, आठ-दहा माणसं, त्यात लहान मुलं आणि आजी)

आधी वाचन, मग सिनेमा. उलटं केलंत तर सिनेमा संपेपर्यंत मुलं पेंगतात, मोठे घड्याळ बघतात आणि मनन राहूनच जातं.

येशूच्या जन्माची गोष्ट दोन शुभवर्तमानांत आहे: मत्तय १:१८ ते २:२३ या ३१ ओव्या आणि लूक २:१-४० या ४० वेगवेगळ्या वाचा. मोठ्याने वाचायला पंधरा मिनिटं पुरतात. सगळ्यांच्या हातात एकच आवृत्ती असू द्या, नाहीतर आळीपाळीने वाचताना जुनं पवित्र शास्त्र आणि सोपी मराठी यांचा मेळ बसत नाही.

मत्तयात योसेफाचं स्वप्न, तारा, मागी (पूर्वेकडचे ज्ञानी लोक), हेरोद राजा, मिसर देश. लूकात नावनिशी (शिरगणती), गव्हाणी, मेंढपाळ, शिमोन, हन्ना. सिनेमावाले दोन्ही एकत्र करतात. ‘द नेटिव्हिटी स्टोरी’त (२००६) मागी मेंढपाळांबरोबर गोठ्यातच हजर होतात. मत्तय २:११ मात्र म्हणतं, ते ‘घरात’ गेले; आणि हेरोद दोन वर्षांपर्यंतची मुलं मारतो, म्हणजे मधे बराच काळ गेला असावा. मागी तीनच होते असंही लिहिलेलं नाही, तीन होत्या त्या भेटवस्तू. गाढव तर कुठेच नाही! पण संध्याकाळभर चुकाच काढत बसू नका, त्याला मनन म्हणत नाहीत.

त्यापेक्षा सिनेमात सहसा न येणारी एक जागा धरा: लूक २:२४, होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिल्लं. जुन्या करारातलं लेवीय १२:८ सोबत वाचा. बाळंतपणानंतरच्या अर्पणाला कोकरू परवडत नसेल त्या बाईसाठी ही सवलत होती. मरीया-योसेफाची ऐपत इथे एका ओळीत कळते. नासरेथ ते बेथलेहेम वाटही सुमारे दीडशे किलोमीटरची, सोलापूरहून चालत पंढरपूरला जाऊन परत यावं एवढी. गरोदर बाईला घेऊन.

वर सांगितलेला सिनेमा सुमारे १ तास ४० मिनिटांचा आहे आणि सुरुवातच बेथलेहेमच्या बालहत्येने होते. मुलं असतील तर तेवढा भाग पुढे सरकवा, आधी स्वतः बघून ठेवा. आजींना इंग्रजी जमत नसेल तर १९७९चा ‘जीझस’ मराठीत डब झालेला आहे. तो लूकावर बेतलेला आहे, पण जन्माचा भाग अगदी सुरुवातीला आणि थोडाच.

मधे दोनदाच थांबवा आणि एकच विचारा: हे मत्तयाचं, लूकाचं की दिग्दर्शकाचं? मुलं यात मोठ्यांना हरवतात.

भिंतीवर प्रोजेक्टर लावणार असाल तर साडेसहानंतर लावा, डिसेंबरात तोवर अंधार पडलेला असतो. प्रोजेक्टरचा स्वतःचा आवाज बहुधा पुरत नाही, वेगळा स्पीकर जोडा. आणि २४ तारीख टाळा, कॅरलवाले दारात आले की सिनेमा कोणी बघत नाही.